आलेली फाइल फोनमध्ये कोण कोण वाचू शकतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर 2016पासून संदेश एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत असे कुलूपबंद होऊन जातात, म्हणून माझ्या ओळखीतले बहुतेक जण निर्धास्त असतात. पण ते कुलूप प्रवासापुरतं. अँड्रॉइडवर पीडीएफ एकदा उतरली, की ती फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये साध्या फाइलसारखी पडून राहते आणि सगळ्या फाइल्स बघायची परवानगी असलेलं कुठलंही अ‍ॅप ती वाचू शकतं. गॅलरीत दिसणाऱ्या फोटोंना तर नुसती फोटोंची परवानगी पुरते. म्हणून कुणी फोन तपासायला दिला, की मी मेसेजिंग अ‍ॅपच्या आधी बाकीची अ‍ॅप्स बघते.

सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस' शोधा. हा मेनू प्रत्येक फोनवर वेगळ्या जागी असतो. यादीत फाइल मॅनेजर असणं साहजिक आहे. टॉर्च, वॉलपेपर, कीबोर्ड दिसले तर परवानगी लगेच काढा. 'फोन साफ करणारी' अ‍ॅप्स मी सरळ काढूनच टाकायला सांगते.

मग फोटो. अँड्रॉइड 14 आणि आयओएस 14पासून अ‍ॅपला फक्त निवडक फोटो दाखवता येतात. दरवेळी निवडत बसावं लागतं, हे खरं. तरी माझ्या फोनवर मेसेजिंग अ‍ॅपलाही तेवढंच दिसतं.

अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली, की नवे फोटो गॅलरीत येत नाहीत. याने फाइल लपते, कुलूपबंद होत नाही. आधी आलेले फोटोही तसेच राहतात. ओळखपत्रं, वैद्यकीय अहवाल काम झाल्यावर हाताने पुसा.

चॅटच्या बॅकअपकडे, म्हणजे क्लाउडवर ठेवलेल्या प्रतीकडे मात्र जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय 2021मध्ये आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते: चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड निवडलात तर तो कागदावर लिहून जपून ठेवा. तो आणि जुना फोन दोन्ही गेले, तर बॅकअप कुणालाच उघडता येणार नाही.

टेलिग्रामवर साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येईल असं नसतं. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' वेगळं सुरू करावं लागतं.

फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला ते ठिकाणही त्याच्यासोबत जाऊ शकतं. घरातले फोटो नेहमीच्या पद्धतीनेच पाठवा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस', म्हणजे तुमचं खातं जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि जो संगणक तुमचा नाही, तो तिथल्या तिथे लॉग आउट करा.