अणुदुर्घटनेची पूर्वतयारी : पाऊस यायच्या आत वैरण झाका

पाऊस तोंडावर आला तरी गंज्या उघड्याच. भिजून काळी पडलेली वैरण दरवर्षी उकिरड्यावर जाते, पण ताडपत्री ओढायचा कंटाळा काही जात नाही. अणुऊर्जा प्रकल्पात अपघात होऊन किरणोत्सर्ग बाहेर पडला, तर हा कंटाळा दुधावाटे लेकरांपर्यंत पोचतो.

हवेतली किरणोत्सर्गी धूळ पावसाबरोबर खाली येते आणि जिथे सर पडेल तिथे जास्त साचते. त्यामुळे प्रकल्प लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाय तो चारा खाते आणि आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी द्रव्य दुधात उतरतं. आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पात १९८६ ला झालेल्या अपघातानंतर मुलांमध्ये गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे कर्करोग वाढले, त्यामागे असं दूध हे मोठं कारण होतं. जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचा अपघात मार्च २०११ चा. कापणीनंतर शेतात उघडा राहिलेला भाताचा पेंढा जनावरांना घातला गेला आणि जुलैत मांसात सीझियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य मर्यादेबाहेर सापडलं. शेजारच्या मियागी प्रांतातला पेंढाही त्यात होता. गोठ्यातलं जनावर बाहेर चरलंही नव्हतं, वैरण तेवढी उघडी होती.

हे काम आजच करा. इशारा आल्यावर गंजी झाकायला धावायचं नाही, तेव्हा माणसांनी घरात राहायचं. ताडपत्री जमिनीपर्यंत आणा, कडा दगड-मातीने दाबा, भोवती चर काढा. वाऱ्याच्या बाजूला दुहेरी आच्छादन बरं, असा माझा अनुभवाचा अंदाज. धूळ बसून गेलीच, तर वरचा हातभर थर बाजूला काढावा असं मला वाटतं. पण आतली वैरणही तपासणीशिवाय घालू नका.

इशारा मिळाल्यावर :
– दारं-खिडक्या बंद, पंखे-कूलर बंद, रेडिओ चालू
– बाहेरून आल्यास वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधणे, साबणाने अंघोळ, अंग खरवडायचं नाही
– वेळ असेल तरच जनावरं गोठ्यात, हौदावर झाकण
– पालेभाजी तोडणी, चराई, दूध वाटप : परवानगी येईपर्यंत बंद

पोटॅशियम आयोडाइडची गोळी यंत्रणेने सांगितल्यावरच घ्यायची. प्रौढांना १३० मि.ग्रॅ., ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत ३२, त्याहून लहान बाळाला १६. ती फक्त थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते, सीझियमवर तिचा उपयोग नाही. गोळीऐवजी जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन पिऊ नका. ते विष आहे.

आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ८० दिवसांत हजारावा भाग उरतो. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. त्यामुळे पुढच्या हंगामात जमिनीचा प्रश्न उरतोच, आणि नेमके तेव्हा 'किरणोत्सर्गरोधक' बाटल्या घेऊन विक्रेते बांधावर येतील. त्यांना बांधावरूनच परत पाठवा. पिकाची मुळं पालाशाच्या (पोटॅशच्या) जागी सीझियम उचलतात. पालाश कमी असलेल्या जमिनीत जास्त. फुकुशिमात भातखाचरांसाठी १०० ग्रॅम मातीत २५ मि.ग्रॅ. उपलब्ध पालाश हे लक्ष्य ठेवलं होतं. माती तपासा आणि कमी पडेल तेवढं साधं म्युरेट ऑफ पोटॅश खत लावणीआधी टाका.