हाताचं डिसेक्शन सुरू होण्याआधी

डिसेक्शन म्हणजे शिकण्यासाठी मृतदेहाचे थर एकेक सोडवत बघणं. त्याच्या आधी हाडं. खांद्यापासून बोटांपर्यंत एका बाजूला ३२ हाडं असतात, त्यातली २७ मनगटात आणि पंजातच. बोन सेट मिळाला की पाठांतराला बसण्याआधी प्रत्येक मोठं हाड डाव्या बाजूचं की उजव्या, हे ओळखायला शिका. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) उरोस्थीकडचं, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडचं टोक जाडजूड, खांद्याकडचं चपटं. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि मधल्या भागात खालच्या अंगाला खोबण. एवढं जुळलं की बाजू ठरली. मग ह्यूमरस (दंडाचं हाड) घ्या आणि मागून तिरकी उतरणारी उथळ खोबण बोटाने चाचपून बघा. तिथून रेडियल नर्व्ह (एक मज्जातंतू) हाडाला अगदी खेटून जाते, म्हणूनच हाड मध्यावर मोडलं तर मनगट लुळं पडू शकतं. हाडावरच्या प्रत्येक खुणेपाशी असंच थांबायचं: इथून काय जातं, इथे काय चिकटतं? माझ्या मते ही सवय लागली की निम्मी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) तयार झाली.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, न बघता काढता आला पाहिजे. सी ५ ते टी १ (मानेतल्या पाचव्या ते छातीतल्या पहिल्या नर्व्हपर्यंत) अशी पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटच्या पाच मुख्य नर्व्ह. वाचून तो डोक्यात राहत नाही. कोरा कागद घेऊन रोज काढावा लागतो. काखेतली चरबी बाजूला करताना तोच आराखडा कामी येतो.

स्वतःचा हातही वापरा. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट किंचित वाकवा. मधोमध उठून दिसणारा कंडरा पामॅरिस लाँगस या स्नायूचा. काहींच्या हातात तो स्नायू मुळी नसतोच. तेव्हा टेबलावर पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं सापडेल असं धरून जाऊ नका.

सामानाचं फारसं काही नाही: लांब बाह्यांचा अॅप्रन, हातमोजे, बंद बूट, दातेरी आणि बिनदातेरी चिमटे. फॉर्मॅलिनने (मृतदेह टिकवणाऱ्या रसायनाने) डोळे चुरचुरतात, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. स्काल्पेलचं (चिरायच्या बारीक चाकूचं) पातं बोटांनी कधीच चढवू नका, चिमट्याने चढवा. उपाशी जाऊ नका, गरगरलं तर सांगून बाहेर या. त्यात कमीपणा नाही. फोन बाहेरच ठेवा. समोर एक माणूस आहे आणि त्याचा फोटो काढायचा नसतो.

त्वचा सोडवून झाली की स्काल्पेल शक्यतो खाली ठेवा. पुढचं बरंचसं काम बोटांनी आणि कात्रीची टोकं हळूच उघडून होतं. घाईत चिरलेली बारीक नर्व्ह पुन्हा सापडत नाही. उठण्याआधी उघडा भाग ओल्या कापडाने झाकून ठेवा, नाहीतर तो वाळून कडक होतो आणि पुढच्या वेळी थर सुटे करता येत नाहीत.