ओव्हन असो नसो, तवशाचं धोंडस घरी कसं करायचं

गौरी-गणपती उरकले की आमच्याकडे देवगड बाजूला मांडवावर एखाददुसरं तवसं, म्हणजे मोठी काकडी, पानाआड राहून गेलेलं सापडतंच. कोवळं होतं तेव्हा कोणाच्या नजरेला पडलं नाही आणि आता पिवळं-तांबूस, चांगलं हातभर लांब झालेलं असतं. कोशिंबिरीला ते चालत नाही, साल जाड, बिया टणक, मधला गर आंबूस. त्याचं करायचं धोंडस. कोणी त्याला तवसळी म्हणतं, शहरातली मंडळी काकडीचा केक म्हणतात, आणि ते नाव अगदीच चुकीचं नाही, कारण आपल्याकडे घरोघरी मैदा आणि ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून बायका चुलीवर हे भाजत आल्यात. अंडं नाही, मैदा नाही, सोडासुद्धा लागत नाही. माझ्या दोन्ही मुलांना हे डब्यात लागतंच म्हणून सिझनमध्ये दर आठवड्याला एकदा तरी होतं, आणि इतक्या वेळा केल्यावर कुठे बिघडतं ते आता नीट कळलंय, ते सगळं लिहिते.

लागणारं सामान साधारण आठ-दहा जणांना पुरेल असं सांगते. तांदळाचा रवा 2 वाट्या, तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट साडेतीन ते चार वाट्या (साधारण एक किलोचं तवसं पुरतं), चिरलेला गूळ दीड वाटी, ओलं खोबरं 1 वाटी, नारळाचं जाडसर दूध अर्धी वाटी, साजूक तूप 4 चमचे, मीठ पाऊण चहाचा चमचा, चिमूटभर हळद, वेलची थोडी, मूठभर काजू. आणि हळदीची पानं चार-पाच. सगळ्याला वाटी एकच वापरा, छोटी-मोठी चालेल पण एकच.

रवा घरी केलात तर उत्तम. तांदूळ धुवायचे, निथळायचे आणि सुती कपड्यावर रात्रभर पंख्याखाली पसरायचे, पावसाळ्यात उन्हाची वाट बघत बसू नका. सकाळी मिक्सरला थांबत-थांबत फिरवायचं, एकदम सुरू ठेवलं तर पीठ होतं. मग चाळून पीठ वेगळं करायचं, ते घावण्यांना जातं, आणि वर राहिलेल्या बारीक कण्या म्हणजे आपला रवा. वेळ नसेल तर दुकानातला इडली रवा घ्या, तो बहुतेक वेळा उकड्या तांदळाचा असतो आणि जरा जास्त ओलावा ओढतो, म्हणून नारळाचं दूध पाव वाटी वाढवायचं. गव्हाच्या रव्याचंपण होतं, मऊ होतं, मुलं खातात, पण धोंडसाला जो दाणेदार चावा असतो तो नाही मिळत.

आता तवसं. कापल्या-कापल्या देठाकडचा तुकडा जिभेवर ठेवून बघा, दोन-तीन ठिकाणचा बघा. कडू लागलं तर ते तवसं सरळ बाजूला, गुळाने कडूपणा झाकला जाईल असं वाटून घालू नका. कडवटपणा ज्या द्रव्याने येतो त्याने पोट बिघडतं, उलट्या होतात, आणि शिजवून ते जात नाही. गोड निघालं की साल जाड काढायची, उभे दोन भाग करायचे, बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत गर चमच्याने काढायचा. पण तो गर टाकायचा नाही हां, गाळणीवर चमच्याने दाबून त्याचं पाणी काढून घ्या, ते किसात जाणार आहे, बिया पण गाळणीतच राहू देत, त्याचं शेवटी सांगते. मग किसायचं. किसायचं काम मी मोठीकडे देते, तिला आवडतं आणि माझे हात मोकळे राहतात.

कीस पिळायचा नाही. आणि वरून पाणी घालायचं नाही. हे मी दोनदा का लिहितेय ते सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटीने धोंडस केलं तेव्हा मिश्रण घट्ट वाटलं म्हणून भांडंभर पाणी ओतलं, सासूबाई अंगणातून आल्या आणि बघून एवढंच म्हणाल्या, "पाणी कित्याक घातलंस गो, तवशात काय पाणी कमी आसा?" खरंच आहे, तवशात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं, फक्त ते किसात अडकलेलं असतं आणि गॅसवर ठेवल्यावर सुटतं. त्या दिवशी धोंडसाचा शिरा झाला, वाटीत घालून चमच्याने खाल्ला. तेव्हापासून ओलावा कमी वाटला तर नारळाचं दूधच, तेही चमच्या-चमच्याने.

पहिल्यांदा रवा भाजून घ्या. दोन चमचे तुपावर, मंद गॅसवर, सात-आठ मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही, रवा हाताला हलका लागायला लागला आणि वास आला की उतरवायचा. न भाजता घातलात तर गुठळ्या होतात आणि धोंडस चिकट होतं.

त्याच कढईत एक चमचा तूप घालून कीस आणि तवशाचं पाणी घाला, पाच-सहा मिनिटांत कीस काचेसारखा दिसायला लागतो. मग गूळ. गूळ चांगला लालसर घ्या, आमच्याकडे घाटावरून येतो तोच, त्यात खडे किंवा उसाच्या काड्या वाटल्या तर अर्धी वाटी तवशाच्या पाण्यात आधी विरघळवून गाळून घ्या. गूळ विरघळला की मीठ, हळद, खोबरं, नारळाचं दूध. मिठाला घाबरू नका, मीठ कमी पडलं की गोडाला गोडपणाच येत नाही. एक उकळी आली की गॅस बारीक करून एका हाताने रवा सोडायचा, दुसऱ्या हाताने ढवळायचं. झाकण ठेवून सहा-सात मिनिटं वाफ काढा, गॅस बंद करून वेलची घाला आणि तसंच झाकून वीस मिनिटं ठेवून द्या.

या वीस मिनिटांत रवा फुगतो आणि मिश्रण नक्की किती सैल आहे ते तेव्हाच कळतं, त्याआधी ठरवायला जाऊ नका. चमच्यातून वाहत पडायला नको, गोळा होऊन पदकन पडायला हवं, सैलसर उपमा असतो ना तसं. वाहत असेल तर झाकण न ठेवता पाच मिनिटं परत गॅसवर ठेवा, कोरडं आणि मोकळं मोकळं वाटलं तर नारळाचं दूध दोन-तीन चमचे.

इथे बरेच जण विचारतात की सोडा किंवा इनो घालू का. मी घालत नाही. सोड्याने ते फुलतं खरं पण मग वडी कापताना भुगा पडतो, आणि हळद घातलेली असेल तर सोडा लागला तिथे लालसर डाग पडतात. धोंडस स्पंजसारखं व्हायला नकोच आहे, ते जड, ओलसर आणि वडी पडेल असंच चांगलं.

आता भाजणं, आणि खरं धोंडस इथे होतं. जुन्या पद्धतीत रात्रीचा स्वयंपाक आटपला की चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, खाली थोडे निखारे ठेवायचे, त्यावर जाड बुडाचा टोप, टोपावर सपाट झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. करवंटीचा निखारा कडक असतो आणि बराच वेळ टिकतो. खालून थोडी आच, वरून जास्त, आणि तसंच सोडून झोपायला जायचं, सकाळी उठून बघावं तर वरून तांबूस साल धरलेली आणि घरभर हळदीच्या पानाचा वास. गॅसवर करताना आपण चुकतो ते इथेच, खालून आच देतो पण वरून काहीच नाही, मग बुड करपतं आणि वरचा भाग पांढराफटक, ओला राहतो. म्हणून कुठल्याही पद्धतीने करा, वरची आच कुठून येणार ते आधी ठरवा.

भांड्याला सगळीकडून तूप लावायचं, हळदीची पानं पुसून तळाला आणि कडेने लावायची. पान नसेल तर केळीचं पान गॅसवरून फिरवून मऊ करून घ्या, पण श्रावण-भाद्रपदात परसात हळद असतेच, शेजारी तरी असते, मागून आणा, कारण त्या पानाने येणारा वास वेलचीने येत नाही. मिश्रण ओतून ओल्या हाताने सपाट करा. थर दीड-दोन इंचाच्या वर नको. वरून काजू दाबून बसवा, थोडं तूप सोडा.

ओव्हन असेल तर 180 डिग्रीला दहा मिनिटं गरम करून घ्या आणि आठ इंची भांड्यात 45 ते 55 मिनिटं भाजा, शेवटची पाच-सात मिनिटं फक्त वरची कॉइल चालू ठेवलीत तर साल छान येते. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, अर्ध्यावर गेली की ना इकडचं ना तिकडचं, म्हणून मी बहुतेक वेळा गॅसवरच करते.

गॅसवर करताना खाली जुना लोखंडी तवा ठेवायचा, त्यावर जाड बुडाचा टोप, म्हणजे आच थेट बुडाला लागत नाही. गुळाचं मिश्रण फार लवकर करपतं म्हणून हा तवा हवाच. पहिली पाच मिनिटं मध्यम, मग अगदी बारीक. झाकण सपाट आणि जड घ्या, त्याला कडेने ओला कपडा-बिपडा गुंडाळू नका, थोडी वाफ बाहेर जायला हवी. दुसऱ्या शेगडीवर आणखी एक लोखंडी तवा चांगला कडक तापवायचा आणि सांडशीने उचलून झाकणावर ठेवायचा, दर दहा मिनिटांनी उतरवून परत तापवायचा. मुलांना तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर ठेवा. असं 35-40 मिनिटांत होतं. तव्याची उचलठेव नको असेल तर पंचवीस मिनिटांनी धोंडस ताटात उलटं काढून, भांड्याला परत तूप लावून, वरची बाजू खाली करून दहा मिनिटं भाजा, साल दोन्हीकडे येते. मात्र उलटताना ते गरम आणि नाजूक असतं, एकटीने करू नका, दुसरं कोणी ताट धरायला हवं.

कुकरमध्येही होतं. जुना कुकर घ्या, रिंग आणि शिट्टी काढून ठेवा, तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून आत डबा ठेवायचा आणि बारीक गॅसवर तासभर. यात वरची साल फिकी राहते, चवीला काही कमी नाही. तो कुकर नंतर वरण-भाताला वापरू नका, कोरडा तापवून तापवून धातू खराब होतो, याच कामाला वेगळा ठेवा.

झालं की नाही बघायला मधोमध सुरी घाला. गुळामुळे सुरी थोडी चिकट येणारच, पण ओला रवा लागून यायला नको. कडा भांड्यापासून सुटलेल्या दिसतात.

आणि मग हात लावायचा नाही. निदान तीन तास. घरात वास सुटलेला असतो, मुलं येऊन झाकण उघडतात, पण गरम कापलंत तर चुरा होणार, कारण तांदळातला स्टार्च गरम असताना मऊ असतो आणि थंड होताना घट्ट बसतो, तेव्हाच वडी पडते. मी रात्री करून ठेवते आणि सकाळी कापते, वाद नाही. सुरीला तूप लावून चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखे तुकडे करा.

खायला वर लोण्याचा गोळा, किंवा नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेला रस, शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, खातो तोच. उरलं तर बाहेर एक दिवस, त्यापुढे फ्रीजमध्ये, कारण ओलं खोबरं आहे आणि आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास यायला लागतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहतं. थंड खाऊ नका, तव्यावर थोडं तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करा, कडा कुरकुरीत होतात आणि आमच्याकडे तर ताज्यापेक्षा हेच आधी संपतं. तवसं मोठं असेल आणि कीस उरला तर त्यात गूळ, मीठ आणि मावेल तेवढं तांदळाचं पीठ भिजवून संध्याकाळी वडे तळा, पंधरा मिनिटांचं काम.

गाळणीत राहिलेल्या बिया विसरू नका. पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या धुवून चुलीच्या राखेत घोळवून सावलीत कोरड्या खडखडीत सुकवायच्या आणि कागदाच्या पुडीत बांधून कोरड्या डब्यात ठेवायच्या, मिरगाला लावायला उपयोगी पडतात.