उष्णतेचा जीन असूनही ओंबी पोचट? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की सोलापूर भागात गव्हाबद्दल एकच तक्रार ऐकू येते. वाण उष्णता सहन करणारा म्हणून आणला, पाणी वेळेवर दिलं, तरी दाणा बारीक कसा? मग खापर बियाण्यावर फुटतं. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा घोटाळा आपल्या हिशोबात असतो. उष्णता म्हणजे मोबाइलवरचा एक आकडा आणि सहनशीलता म्हणजे वाणातला एक जीन, म्हणजे जनुक, असं आपण धरून चालतो. पिकाला मात्र कोणत्या अवस्थेत तापलं, किती झपाट्यानं तापलं आणि रात्री उतरलं का, याचाच जास्त फरक पडतो.

जीन आहे म्हणजे काम झालं, असं समजणं

उष्णतेला तोंड देणारे जीन जवळजवळ प्रत्येक पिकात असतातच. त्यांना चालू करणारी प्रथिनं म्हणजे हीट शॉक फॅक्टर. भातात त्यांचे २५ जीन आहेत, तर गुणसूत्रांचे सहा संच असलेल्या गव्हात पन्नासहून जास्त. एरवी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० ही उष्णतेत पेशीला सावरणारी प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन) या फॅक्टरला धरून बसलेली असतात. ऊन वाढलं की पेशीतल्या इतर प्रथिनांच्या घड्या सुटायला लागतात, एचएसपी त्यांना सावरायला जातात आणि फॅक्टर मोकळा होतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत दारावरचा राखणदार गर्दी आवरायला धावला की दार उघडं पडतं, तसंच हे. मोकळे झालेले फॅक्टर तिघं-तिघं जोडले जाऊन डीएनएवरच्या ठरलेल्या जागी बसतात आणि काही मिनिटांत नव्या एचएसपींची तयारी सुरू होते.

पण ही यंत्रणा झाडाच्या सगळ्या भागांत सारखी चालत नाही. पानात ती जोरात चालते. पक्व परागकणात फार क्षीण असते. मक्याच्या परागकणात तर हे स्पष्टच दिसून आलं आहे. म्हणून हिरवंगार, टवटवीत पान पाहून ‘पिकाला ऊन लागलं नाही’ असा निकाल देऊ नका. पान सुखरूप राहून कणीस रिकामं राहू शकतं.

दुसरा गैरसमज असा, की असा जीन जितका जास्त चालेल तितकं बरं. संशोधनासाठी वापरतात त्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात उष्णता आणि दुष्काळाशी जोडलेला डीआरईबी२ए हा जीन कायम चालू ठेवला, तर रोपं खुजी राहिली. सतत बंदोबस्तात राहिलेल्या झाडाला वाढायला फुरसत कुठली? २०१५ मध्ये आफ्रिकी भातात सापडलेला टीटी१ जीन तर वेगळ्याच वाटेनं जातो. तो पेशीतली बिघडलेली प्रथिनं मोडून टाकणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. कचरा लवकर उचलला गेला की सावरायचं ओझंच कमी. म्हणजे उष्णता सोसण्याचा एकच एक जीन नसतो.

जाता जाता, मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या जीनोम संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, भाताच्या वाणांना ‘उन्हाचा भात’ म्हणणारेही भेटतात. त्यांतला पुसा डीएसटी राइस १ हा दुष्काळ आणि क्षारता डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. दुष्काळ आणि उष्णता शेतात जोडीनं येतात म्हणून त्यांचं औषध एकच असतं, असं नाही.

पोचट म्हणजे पोचट, अशी एकच नोंद करणं

खरी चूक इथं होते. मळणीच्या वेळी वजन कमी भरलं म्हणजे उन्हानं नेलं, एवढ्यावर न थांबता काढणीआधी दहा-वीस ओंब्या हातात घेऊन सोलून पाहा. तुसाच्या आत काहीच नसेल, दाण्याचा मागमूसही नसेल, तर परागकण तयार होताना किंवा फुलोऱ्यात घात झाला आहे. दाणा आहे, पण सुरकुतलेला आणि हलका आहे, तर फळधारणा नीट झाली आणि दाणा भरताना ऊन लागलं. दुसऱ्या प्रकारात मुख्य आरोपी स्टार्च बनवणारं विकर (एन्झाइम) असतं. गव्हाच्या दाण्यात तापमान साधारण २५ अंशांच्या वर गेलं की त्याचा वेग पडतो. साखर येत राहते, पण तिचा स्टार्च होत नाही.

ज्वारीचं कणीस तर आणखी बोलकं. त्याला फुलोरा शेंड्याकडून बुडाकडं, काही दिवसांत उतरत येतो. त्यामुळं दोन-तीन दिवसांचा तडाखा बसला, तर बऱ्याचदा पूर्ण कणीस रिकामं न होता मधला एखादा पट्टाच रिकामा राहतो. फुलोऱ्याआधीचे दहा दिवस आणि नंतरचे पाच दिवस हा ज्वारीचा सर्वांत नाजूक काळ. पट्ट्याची जागा आणि फुलोऱ्याची तारीख जुळवली की कोणत्या आठवड्यानं दगा दिला ते कळतं. फक्त दोन गोष्टी आधी बाजूला काढा. रिकाम्या फुलाच्या टोकाला पांढरट कोश चिकटलेला असेल, तर ते काम मिज माशीचं. आणि डिसेंबर-जानेवारीत फुलोऱ्यात कडाका पडला असेल, तर थंडीनंही दाणा धरत नाही. उन्हाला उगाच बदनाम करू नका.

फक्त दुपारचा आकडा पाहणं

रात्रीचं किमान तापमान लिहून ठेवणारे शेतकरी फार थोडे. रात्र उबदार राहिली की दिवसभर कमावलेली साखर श्वसनात खर्च होते आणि दाणा भरण्याचे दिवसही आखडतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेच्या २००४ मधल्या अभ्यासात हंगामातलं किमान तापमान एका अंशानं वाढलं, तेव्हा भाताचं उत्पादन सुमारे दहा टक्के घटलेलं दिसलं.

आकडा कोणत्या महिन्याचा, हेही तितकंच महत्त्वाचं. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. उत्तरेतला गहू तेव्हा दाणा भरत होता, म्हणून तिथं फटका बसला आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. आपल्याकडं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू मार्चच्या मध्यापर्यंत काढणीला येतो. आपला कस लागतो फेब्रुवारीत, आणि २०२३ चा फेब्रुवारी तसाच विक्रमी तापला होता.

पळवाटेला सहनशीलता समजणं

‘मालदांडी उन्हाला भारी’ हे वाक्य मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत ऐकायला मिळतं. मोहोळला निवड पद्धतीनं तयार झालेली मालदांडी ३५-१ आहेच गुणी, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की ती फुलोऱ्यात येते थंडीत. उन्हाशी तिची खरी गाठच पडत नाही. हीच ज्वारी दोन महिने उशिरा पेरली, तर तिच्या नावावर विसंबू नका. गव्हाचंही तसंच. उशिरा पेरायचा असेल, तर उशिराच्या पेरणीसाठी शिफारस असलेलाच वाण घ्या आणि ऊन चढायच्या आधी, वारा नसताना हलकं पाणी द्या. पाणी असलं की पानाची रंध्रं उघडी राहतात आणि पीक हवेपेक्षा थंड राहतं. ताण पडला की रंध्रं मिटतात आणि त्याच हवेत पान जास्त तापतं.

प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी

कृषीच्या पदव्युत्तर प्रबंधात एक प्रकार वारंवार दिसतो. रोप २५ अंशांवरून एकदम ४२ अंशांच्या कपाटात ठेवायचं आणि ज्या जीनचं काम वाढलं त्यांना ‘शेतातले’ म्हणायचं. शेतात पारा हळूहळू चढतो. सौम्य उष्णतेत आधी तयार झालेल्या एचएसपीमुळं रोप पुढचा तडाखा सोसतं, म्हणून दोन्हींचे निकाल वेगळे येतात. ॲक्टिनसारखा संदर्भ जीनही, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेला जीनही, उष्णतेत हलतो. निदान दोन-तीन जीन तपासून मगच निवडा. आणि तापवलेल्या रोपाचा नमुना दुपारी, साध्या रोपाचा सकाळी, असं करू नका. कित्येक जीन घड्याळानुसार वर-खाली होतात, आणि मग तुमच्या तक्त्यात उष्णतेऐवजी दुपार मोजली जाते.