हेरोद नक्की कधी मेला? हिशोब स्वतः कसा लावायचा

डिसेंबर आला की कोणीतरी विचारतंच, सन येशूच्या जन्मापासून मोजतात ना, मग जन्म इ.स.पू. 5 ला झाला असं का म्हणतात? कारण ही सनाची पद्धत डायोनिसियस नावाच्या साधूने 525 मध्ये बसवली आणि त्याचा हिशोब काही वर्षं चुकला. शुभवर्तमानं म्हणजे येशूची चरित्रं लिहिणारे मत्तय आणि लूक दोघंही जन्म यहूदियाच्या हेरोद राजाच्या काळातला सांगतात, म्हणजे हेरोद कधी मेला ते कळलं की जन्म त्याच्या आधीचा, एवढं पक्कं होतं.

आता बहुतेक जण काय करतात, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने हेरोदच्या मृत्यूआधीचं म्हणून लिहिलेलं चंद्रग्रहण वाचतात आणि थेट तिकडेच उडी मारतात. तसं करू नका, ग्रहणं बरीच सापडतात आणि आपल्याला हवं ते निवडता येतं. आधी राज्याची वर्षं मोजा. जोसेफस सांगतो की रोमने राजा केल्यापासून हेरोदने 37 वर्षं राज्य केलं आणि त्याच्या आधीचा राजा अँटिगोनस मेल्यापासून 34. पहिली घटना इ.स.पू. 40 ची, दुसरी 37 ची. इथे नुसती वजाबाकी केलीत तर 3 येईल. पण तेव्हा सुरुवातीचं अर्धवट वर्षही धरायचे, आपण तेरावा मोजताना गेलेला दिवस धरूनच मोजतो ना, तसंच. असं मोजलं की दोन्हीकडून इ.स.पू. 4 येतं.

मग ताळा करा, तो हेरोदनंतर त्याचं राज्य वाटून घेतलेल्या तीन मुलांवरून, आणि माझ्या मते खरा पुरावा हाच आहे. अर्खेलावला रोमने इ.स. 6 मध्ये हाकलला, त्याचं दहावं वर्ष चालू होतं. फिलिप रोमचा सम्राट तिबीर्य कैसर याच्या राज्याच्या 20 व्या वर्षी मेला, म्हणजे 33-34 च्या आसपास, 37 वर्षं राज्य करून. अंतिपासची गादी 39 मध्ये गेली आणि त्याची 43 व्या वर्षाची नाणी सापडलीत. प्रत्येकाचं पहिलं वर्ष मागे मोजत जा, तिघंही इ.स.पू. 4 वरच येऊन थांबतात. फक्त एक लक्षात ठेवा, मध्ये शून्य वर्ष नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1.

आता ग्रहण. हेरोदने मंदिराच्या दारावर सोन्याचा गरुड लावला होता, तो तोडणाऱ्यांना त्याने जिवंत जाळलं आणि त्याच रात्री ग्रहण झालं असं जोसेफस सांगतो, पुढे हेरोद वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या वसंतातल्या सणाच्या, आधी मेला. नासाच्या यादीत शोधताना इ.स.पू. 4 साठी उणे 3 बघा, तिथे शून्य वर्ष धरतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. 13 मार्चला खंडग्रास दिसेल. अडचण अशी की वल्हांडण त्यानंतर महिन्याभरातच येतो आणि तेवढ्यात कालिर्‍होएच्या गरम झऱ्यांवर जाणं, यरीहोला परतणं, मुलाला म्हणजे अंतिपातरला ठार करणं, मग स्वतःचा मृत्यू आणि थाटाची अंत्ययात्रा, एवढं सगळं बसवावं लागतं. म्हणून काही जण इ.स.पू. 1 च्या 10 जानेवारीचं खग्रास ग्रहण धरतात, तिथे मोकळे तीन महिने मिळतात. पण मग तिन्ही मुलांनी आपली वर्षं बाप जिवंत असतानाच्या काळापासून मोजली असं मानावं लागतं, आणि ते मला तरी ओढूनताणून वाटतं. महिना घाईचा आहे पण अशक्य नाही.

इथून शुभवर्तमानांकडे या. मत्तयात हेरोद दोन वर्षांच्या आतली पोरं मारायला सांगतो, तेव्हा जन्म ढोबळ इ.स.पू. 6 ते 4. लूक म्हणतो तिबीर्याच्या 15 व्या वर्षी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं काम सुरू झालं, म्हणजे 28-29, आणि येशू तेव्हा सुमारे 30 चा. जन्म इ.स.पू. 5 धरून 28 पर्यंत मोजा, 32 येतात, शून्य वर्ष नाही म्हणून 33 नाही. "सुमारे" मध्ये ते सहज बसतं.

लूक जन्माच्या वेळची म्हणून सांगतो ती रोमन सुभेदार क्विरिनियची नावनोंदणी मात्र या गणितात कोंबू नका. जोसेफसची ती नोंदणी अर्खेलाव गेल्यावरची, इ.स. 6 ची, आणि लूक तर जन्म हेरोदच्या काळात धरतो. मधली दहा वर्षं भरायला लोकांनी बऱ्याच युक्त्या लढवल्यात, त्या वाचा जरूर, पण त्यावरून हेरोदची तारीख हलवू नका. आणि वधस्तंभाचं साल हवं असेल तर हेरोद काहीच कामाचा नाही, तिथे येशूला ती शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याची 26 ते 36 ही कारकीर्द घ्या आणि त्यात वल्हांडण शुक्रवारच्या आसपास कुठल्या वर्षी येतो ते शोधा, 30 आणि 33 वर सगळ्यात जास्त भांडणं आहेत.