पाणी गेलेला बोर्ड हातात घेताना

परभणीसारख्या गावात लॅपटॉप रिपेअरिंगला नव्याने बसणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेलं असो की मोबाइलच्या दुकानात उमेदवारी, चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग तपासून बदलण्याच्या कामाला आलात की चहा-पाणी सांडलेलं मशीन समोर येणारच. "दादा, पाणी सांडलं होतं, पंख्याखाली वाळवला, पण चालूच होईना गेलाय." तेव्हा आधी विचारा, सांडल्यावर चार्जर लावला होता का, बटण दाबलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं.

हे विचारायचं कारण आहे. नुसत्या ओलीने होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान ओल आणि व्होल्टेज एकत्र आले की होतं. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेल तर काही लाइनींवर 3.3 व्होल्ट उभेच असतात आणि तिथलं तांबं हिरवं पडत खाल्लं जातं. म्हणून मागचं कव्हर उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही. पाणी उडून जातं, पण चहातली साखर आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावरच राहतात.

धुण्याआधी मायक्रोस्कोपखाली बघा आणि फोटो काढून ठेवा. डाग कुठून कुठे गेलाय ते एकदा ब्रश फिरवल्यावर कळत नाही. मग 99 टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रश, अल्ट्रासॉनिक असेल तर उत्तमच, आणि शेवटी मंद गरम हवेवर पूर्ण सुकवणं. चिपखालची ओल वरून दिसत नाही, त्यामुळे इथे वेळ द्या. आणि मोजल्याशिवाय ब्लोअर (चिप काढायचं गरम हवेचं यंत्र) हातात घेऊ नका, हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. हिरवा डाग दिसला की तीच चिप उडवायची सवय लागली तर चांगले बोर्ड हातचे जातात.

आता डीसी सप्लाय. बोर्ड 19 व्होल्टचा असेल तर तेवढेच लावा, करंट लिमिट सुरुवातीला एक अँपिअरच्या आसपास. आकडा शून्यावरच राहिला तर इनपुटचा फ्यूज, मॉस्फेट (स्विचसारखं काम करणारा भाग) किंवा चार्जिंग आयसीकडे बघा. लावताक्षणी लिमिटला टेकला तर मेन लाइन, म्हणजे 19 व्होल्टची लाइन शॉर्ट. थोडासा स्टँडबाय करंट घेऊन शांत बसला, तर पुढचं काम मीटरचं.

हे काम जायकवाडीच्या कालव्यासारखं आहे. टेलला पाणी आलं नाही तर टेलच्या शेतात खणून उपयोग नसतो, वर चालत जाऊन कुठल्या गेटला अडलंय ते बघावं लागतं. बोर्डातही क्रम ठरलेला असतो. आधी 19 व्होल्ट, मग कायम चालू राहणारे 3.3 आणि 5, मग ईसी म्हणजे एसआयओ चिप (बटण आणि चालू होण्याचा क्रम सांभाळणारी) जागी, मग बटणाचा सिग्नल, मग रॅमचे व्होल्टेज (डीडीआर4 ला 1.2), आणि शेवटी व्हीकोर, म्हणजे सीपीयूचं स्वतःचं व्होल्टेज. व्हीकोर नाही म्हणून थेट सीपीयूला दोष देणारे खूप भेटतील. स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्डव्ह्यू (कुठला भाग बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी फाइल) उघडा आणि एकेक कॉइल वरून खाली तपासत या.

कृषी विद्यापीठातल्या एका मुलाचा लॅपटॉप असाच आला होता, चहा सांडलेला. 3.3 आणि 5 ठीक, ईसीला सप्लाय ठीक, पण बटण दाबून काहीच नाही. बटणाच्या लाइनवर 3.3 उभे हवेत आणि दाबल्यावर शून्य व्हायला हवेत. तिथे मुळातच एक व्होल्टसुद्धा नव्हता. त्या मॉडेलला पॉवरचं बटण कीबोर्डातच होतं. कीबोर्डची पट्टी काढली तर लाइन थोडी वर आली, पण पूर्ण नाही. मायक्रोस्कोपखाली कनेक्टरच्या दोन पायांमध्ये साखरेचा तपकिरी थर दिसला. तो साफ केल्यावर 3.3 आले, चिमट्याने बटणाच्या दोन पिना क्षणभर जोडल्या आणि फॅन फिरला. बदलावा लागला फक्त कीबोर्ड. झाकणाच्या सेन्सरचंही असंच असतं. तो खराब झाला की बोर्डाला झाकण बंदच वाटतं, आणि मशीन चालू होत नाही किंवा स्क्रीन येत नाही.

मेन लाइन शॉर्ट असेल तर एक व्होल्टपासून इंजेक्शन द्या, म्हणजे डीसी सप्लायने त्या लाइनला बाहेरून व्होल्टेज द्या, आणि वर आयपीए टाका. जिथे ते आधी उडतं तिथला कपॅसिटर किंवा मॉस्फेट गरम होतोय. पण त्याआधी मेन लाइन ते सीपीयूची कॉइल असा रेझिस्टन्स मोजाच. वरचा मॉस्फेट आरपार गेला असेल तर तुमचं व्होल्टेज थेट सीपीयूत जाईल. आणि सीपीयूच्या कॉइलवर ग्राउंडशी अगदी कमी ओहम दिसणं नॉर्मल असतं, बीप वाजला म्हणून तिला शॉर्ट समजू नका.

गिऱ्हाईकाशी दर ठरवण्याआधी डेटाचं विचारा. एसएसडी वेगळी निघत असेल तर ती काढून फायली आधी वाचवा. बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर डेटासाठी बोर्ड जिवंत करावाच लागतो, तसं स्पष्ट सांगा. थिसिस अडकलेला मुलगा मशीनपेक्षा फायलींसाठी जास्त घाबरलेला असतो. बोर्ड सुरू झाला तरी चिपखाली राहिलेला गंज पुढे त्रास देऊ शकतो, म्हणून मशीन परत देताना बॅकअप तिथेच, आपल्यासमोर घ्यायला लावा.