मुलांची पहिली रायफल: हरणाच्या सीझनआधी काय काय बघायचं

आपल्याकडे जूनमध्ये शाळेचा युनिफॉर्म घ्यायला गेलं की आई दुकानदाराला सांगायची, जरा वाढत्या अंगाचा दाखवा, दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत. ही सवय माझ्यात इतकी मुरलीये की लेकीचा स्वेटर असो नाहीतर स्नो बूट, मी एक साइज मोठाच उचलते. तिच्या पहिल्या रायफलच्या वेळीही तेच केलं आणि त्याचा त्रास तिला झाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. रायफल वाढत्या अंगाची घ्यायची नाही. बाकी यादी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी गन डिअर सीझन सुरू होतो, नऊ दिवस चालतो, आणि त्या दिवसांत पेट्रोल पंपापासून चर्चच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे नारिंगी जॅकेटं दिसतात, दुसरा विषयच नसतो. लेकीच्या मैत्रिणी आजोबांबरोबर, मामाबरोबर जंगलात जातात, त्यांच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कोणती रायफल घ्यायची हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. आपलं तसं नाही ना. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास संपलीच, त्यामुळे आपल्यातल्या कुणाच्या काकाला मामाला फोन करून विचारायचीही सोय नाही. गावाकडून उलट प्रश्न येतो, अगं हरीण कशाला मारायचं? आमच्या घरी मांस खातात आणि जे मारू ते पूर्ण खाऊ एवढं आधी ठरवलं होतं, आणि ते आम्ही पाळतो. तुमच्या घरात हे ठरलं नसेल तर रायफलच्या दुकानात जायच्या आधी ते बोलून घ्या, अगदी मुलाला समोर बसवून.

आता कागदपत्रं, कारण इथेच आपली माणसं अडकू शकतात. एच-१बी किंवा एच-४ सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक विकत घेणंच काय, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि रेंजवर मित्राची हातात धरली तरी तो प्रश्न येऊ शकतो. त्याला एक सवलत अशी आहे की तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे क्रम असा की आधी कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीला हात, आणि मुलाचा व्हिसाही वेगळा बघायचा, आईवडिलांचं झालं म्हणजे मुलाचं झालं असं नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, थोडे पैसे गेले तरी जाऊ देत. ग्रीन कार्डवाल्यांना हा त्रास नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, बॅकग्राउंड चेक होतो, आणि १८ वर्षांखालच्याला दुकानदार रायफल विकूच शकत नाही, त्यामुळे ती आईच्या किंवा बाबाच्या नावावरच येते. मुलाला "तुझी रायफल" म्हणा हवं तर, पण ती जबाबदारी तुमची आहे.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय साधं लायसन्स मिळत नाही. मी म्हणेन मुलाबरोबर तुम्हीही बसा. आम्ही दोघी बसलो होतो. पहिल्याच दिवशी चार नियम पाठ करून घेतले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कायम सुरक्षित दिशेला, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची पूर्ण खात्री, आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर. १२-१३ वर्षांच्या मुलाबरोबर कोर्स झाल्यावरही मोठं माणूस लागतं, आणि कोर्सआधी मेंटर्ड हंटला, म्हणजे जाणत्या माणसाच्या देखरेखीतल्या शिकारीला, नेलंत तर मेंटर हाताच्या अंतरावरच असावा लागतो. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले नियम तिथल्या डीएनआरकडे, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याकडे, बघा, कारण वय, तारखा, कुठली काडतुसं चालतात, सगळं राज्यागणिक बदलतं. उदाहरणार्थ आयोवा, ओहायो, इंडियाना या बाजूला बरीच वर्षं हरणाला बाटलीसारखी मान असलेली नेहमीची रायफल काडतुसं चालत नव्हती, म्हणून तिकडे .३५० लेजंड सारखी सरळ भिंतीची काडतुसं लोकप्रिय झाली.

आणि मूल तयार आहे का? वय सांगून उपयोग नाही. माझी कसोटी साधी होती, घरात खेळण्यातली बंदूक दिली तरी ती नळी कुणाकडे रोखते का, "थांब" म्हटलं की त्याच क्षणी थांबते का, आणि दोन तास गप्प बसू शकते का. लेक अकरा वर्षांची असताना यातल्या तिसऱ्या गोष्टीत नापास झाली, तेव्हा एक वर्ष थांबलो.

आता माप. दुकानात "लेंग्थ ऑफ पुल" हा शब्द ऐकाल, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या रायफलला ते साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं, मुलांच्या मॉडेलला बारा-साडेबारा. मापायची पद्धत अशी की रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघायचं, मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्ता कोपराच्या खाचेत टेकवायचा आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात येतंय का बघायचं. येत नसेल तर ती रायफल मोठी आहे, संपला विषय. हे जाड जॅकेट घालून करा, नोव्हेंबरमध्ये इथे थंडीचे कपडेच इंचभर जागा खातात. हातमोजेही घालून बघा, बोट ट्रिगर गार्डमध्ये अडकायला नको.

मी काय केलं होतं तर दुकानदार म्हणाला ही .३०८ काडतुसाची घ्या, कॉलेजला जाईपर्यंत पुरेल, आणि माझ्यातल्या वाढत्या अंगाच्या शर्टवाल्या बाईला ते एकदम पटलं. रेंजवर लेकीने ती उचलली तर दस्ता खांद्याच्या खळगीत बसेचना, दंडावर आला, स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत, दिसावं म्हणून तिने मान पुढे ताणली, आणि पहिल्याच गोळीला धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आदळली. अर्ध्या चंद्रासारखी बारीक जखम, त्यातून रक्ताचा एक ओघळ नाकापर्यंत आला. ती रडली नाही, उलट मलाच म्हणाली आई सॉरी, ते अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. जखम आठवड्यात भरली पण पुढे तीन महिने ती ट्रिगर दाबायच्या आधी डोळे मिटायची. आम्हाला ते लगेच कळलंही नाही. रेंजवरच्या एका आजोबांनी सुचवलं म्हणून गोळ्यांमध्ये एक खोटं काडतूस मिसळलं, तिला न सांगता, आणि त्या खोट्या काडतुसाला नळी चक्क दोन बोटं खाली गेली. आवाज नाही, धक्का नाही, तरी अंग आधीच आक्रसलेलं. ही भीती एकदा बसली की काढायला फार वेळ लागतो.

म्हणून धक्का कमी ठेवायचा, अगदी कंजूषपणे. साधारण साडेसात पाउंडाच्या रायफलमध्ये .२४३ विंचेस्टरचा धक्का नऊ फूट-पाउंडांच्या आसपास, ६.५ क्रीडमूर आणि ७एमएम-०८ चा बारा-तेरा, .३०८ चा सतरा-अठरा, आणि .३०-०६ चा वीसच्या घरात. म्हणजे मी मुलीच्या खांद्यावर जवळपास दुप्पट भार टाकला होता. .२४३ हे १९५५ पासूनचं काडतूस आहे, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं, आणि विस्कॉन्सिनच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेसं आहे, फक्त गोळी हरणाचीच घ्यायची, ९५-१०० ग्रेनच्या (हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची. त्याच डब्यांशेजारी ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या असतात त्या कोल्ह्या-बिल्ह्यांसाठी असतात, हरणाला वापरल्या तर खोल जात नाहीत आणि जनावर जखमी होऊन पळतं, ते पाप आपल्या माथी नको. आम्ही शेवटी ७एमएम-०८ घेतली कारण नेम जरासा चुकला तरी ती जास्त सांभाळून घेते, पण मूल फार लहानखुरं असेल तर मी .२४३ च म्हणेन. मांस मुलंच खाणार असतील तर पूर्ण तांब्याच्या गोळ्यांचाही विचार करा, शिशाचे बारीक कण मांसात लांबपर्यंत पसरतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. आणि काहीही घ्या, डब्यावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, हे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, दर वेळी.

वजनाचा एक पेच आहे. हलकी रायफल मुलाला पेलते पण धक्का जास्त देते, जड रायफल उलट. सहा-साडेसहा पाउंड आणि चांगला जाड रबरी पॅड हा मध्य मला बरा वाटला. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, सॅव्हेज अॅक्सिसचं यूथ मॉडेल, मॉसबर्ग पॅट्रियटचं सुपर बँटम ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. मॉसबर्गच्या दस्त्यात फळीसारखा तुकडा घालून लांबी बारावरून तेरा इंच करता येते, म्हणजे वाढत्या अंगाची हौस तिथे भागवा, आज बसेल आणि पुढेही चालेल. डावखुरी मुलं असतील तर डावी रायफल शोधा, आणि त्याआधी कुठला डोळा जोरात आहे तेही बघा: दोन्ही हातांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू जागेवरच राहते तो. लेकीचा हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तेव्हा कळलं तिला स्कोपमध्ये एवढा वेळ का लागत होता.

प्रकार कुठला, तर बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची. बोल्ट उघडा असला की लांबूनही दिसतं की रायफल तयार नाही, आणि दुसऱ्या गोळीची घाई होत नाही. एक गोळीवाल्या हॅमरच्या (मागे ओढायच्या घोड्याच्या) रायफली स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण थंडीने आखडलेल्या छोट्या अंगठ्याने हॅमर सावकाश खाली सोडताना तो निसटू शकतो, मला तो धोका नको वाटला.

स्कोपला पैसे घालवू नका, २-७ किंवा ३-९ पट झूमचा पुरे, सगळ्यात कमी झूमवरच ठेवायचा म्हणजे हरीण चटकन सापडतं. डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर राहील असा बसवून घ्या, आणि मूल समोर उभं करून बसवा, तुमच्या मापाने नको.

कानांचं मात्र ऐका माझं. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वर एका फटक्यातही कान कायमचा दुखावतो. रेंजवर आत बोळे आणि वर इयरमफ असे दोन्ही, आणि जंगलात इलेक्ट्रॉनिक मफ, त्यात पाचोळ्याचा आवाज ऐकू येतो पण गोळीचा दाबला जातो. धक्का कमी करायला नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावा असं कोणी सुचवेल, मुलाच्या रायफलला नको, त्याने आवाज आणखी वाढतो. डोळ्यांच्या बचावाचा चष्माही हवा.

घरात ठेवायची जागा रायफल घरात यायच्या आधी तयार पाहिजे. कुलुपाचं कपाट, गोळ्या वेगळ्या कुलुपात, किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. विस्कॉन्सिनमध्ये भरलेली बंदूक निष्काळजीपणे १४ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि मुलाने ती घेऊन कुणाला इजा केली किंवा ती घेऊन चारचौघांत गेलं तर तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. बऱ्याच पोलिस ठाण्यांत केबल लॉक फुकट मिळतं, जाऊन मागा. घरी येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही मी सांगून ठेवलंय की आमच्याकडे रायफल आहे आणि ती कुलुपात असते.

सराव छोट्या .२२ रायफलवर सुरू करा, महिनाभर तरी, आणि मोठी रायफल एका दिवसात दहा गोळ्यांच्या वर नको. नऊ इंची कागदी प्लेट लावा, हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण तेवढाच असतो. मूल बसून, काठीचा आधार घेऊन, जॅकेट घालून सलग पाच गोळ्या प्लेटमध्ये मारू शकेल ते अंतर म्हणजे त्याची हद्द. लेकीची पहिल्या वर्षी ७० यार्ड होती. ७१ वर हरीण उभं असेल तर नाही म्हणायचं, आणि ते तिने स्वतः म्हणावं म्हणून आम्ही घरी हरणांचे फोटो दाखवून विचारायचो, मारशील का, मागे काय दिसतंय, आडवं उभं आहे का तिरकं.

जागा जमिनीवरच्या तंबूसारख्या ब्लाइंडमध्ये घ्या, झाडावरचा मचाण पहिल्या वर्षी नकोच, पडून होणारे अपघात फार आहेत. कंबरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी लागतात, गुलाबी २०१६ पासून चालतो, लेकीने अर्थात तोच घेतला. हरीण मिळालं तर सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करायची असते, नोंदणीचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह करा.

आदल्या रात्री लायसन्स, मफ, दोन टॉर्च, हात गरम करायच्या पुड्या, मोजून पाच गोळ्या, त्याही तुमच्या खिशात. डबा पण भरा, पण चिवडा नको, पाकीट वाजतं. तिळाचे लाडू रुमालात बांधून न्या, आणि रुमालाची गाठ घरीच सैल करून ठेवा, पहाटे बोटं चालत नाहीत.